सुभेदाराच्या पायातला मांडव

मी हाडं छापतो. हे वाक्य मी चारचौघांत पहिल्यांदा उच्चारलं ते पिंपळीच्या एका लग्नात, पंगतीला बसल्यावर. शेजारच्या पाहुण्यांनी त्यातलं 'छापतो' एवढंच ध्यानात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात ते मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन बारामतीला आमच्या दारात हजर झाले.

"गणपती ठसठशीत येऊ द्या. अन् खाली नातवंडांची नावं, 'आमच्या मावछीच्या लग्नाला यायचं हं' असं बोबडं घाला."

त्यांना चहा देऊन मी सगळं समजावलं. आमच्याकडे पत्रिका होत नाहीत, हाडाच्या फटीत बसवायची जाळी होते, तीही अजून माणसासाठी नाही. पाहुणे शांतपणे ऐकत होते. शेवटी धोतर वर सरकवून म्हणाले, "मंग आलोच हाय तर ह्यो गुडघा तरी बघा."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक असं येतं. बारामतीतल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी तंत्र सहायक आहे. सहायक म्हणजे यंत्र बिघडलं की सगळे ज्याच्याकडे बघतात तो. संशोधन आमच्या प्रमुख मॅडमचं. अर्क काढणं, शाई कालवणं, यंत्र चालवणं आणि सुई तुंबली की ती उपसणं माझ्याकडं. नातेवाइकांत मी शास्त्रज्ञ म्हणून मिरवतो. हे मॅडमना ठाऊक आहे, पण त्या थोर मनाच्या आहेत.

काम काय, ते सांगतो. मोडलेलं हाड मुळात आपलं आपण जुळतं. त्याचं श्रेय मात्र डॉक्टर घेतो, हाडवैद्य घेतो आणि नवस बोललेली आईही घेते. पण मधला तुकडाच गेला, बोटभर फट पडली, की हाडाचं काही चालत नाही. वेल कितीही जोमदार असली तरी मांडव नसेल तर ती भुईवर लोळते. तसा त्या फटीत एक बारीक मांडव घालायचा, हाडाच्या पेशींनी त्याच्यावरून पलीकडं जायचं आणि त्यांचं काम झालं की मांडवानं सावकाश विरघळून जायचं. हा मांडव आम्ही छापतो.

छापायचं यंत्र म्हणजे शिकलेला सोऱ्या. शरीरात हळूहळू विरघळणारं एक प्लॅस्टिक असतं. त्यात हाडात असते तसल्या चुन्याच्या क्षाराची भुकटी आणि औषधी अर्क मिसळायचे. यंत्र ते गरम करून सुईतून केसासारखा तंतू सोडतं. एक थर उभा, त्यावर एक आडवा, बाजेच्या विणीसारखा. आमच्या सौभाग्यवतींनी हे यंत्र एकदा पाहिलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "तिथं हाडं विणता, अन् घरी तुमच्या हातची चकली तेलात गेली की तुटते." त्या दिवसापासून दिवाळीत मला सोऱ्याला हात लावू देत नाहीत.

अर्क दोन. एक हळदीतला पिवळा घटक, जो सूज आवरतो. दुसरा कांडवेलीचा. चौकोनी, सांध्यासांध्याची ही वेल बांधावरच्या निवडुंगावर चढलेली असते. पुस्तकात तिला हाडसांधी म्हणतात. तिच्यातले काही घटक हाड बांधणाऱ्या पेशींना चेतवतात, निदान काचेच्या बशीत तरी तसं दिसतं. ही वेल मी लहानपणापासून ओळखतो. त्याच ओळखीच्या जोरावर पहिल्या दिवशी मी तिची कांडं हातमोजे न घालता ठेचली. कच्च्या कांडवेलीची खाज काय असते हे मी सगळ्या जगाला सांगू शकतो. दुपारी पुण्याहून प्रकल्प बघायला पाहुणे आले तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागं घेऊन उभा होतो. "किती नम्र माणूस," असं त्यातले एक जण म्हणाल्याचं नंतर कळलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. जाळीत कोंबलेलं औषध पहिल्याच दिवशी सगळं बाहेर यायचं, आणि हाड तर महिनोन्‌महिने बांधलं जातं. मॅडम तासन्‌तास आलेखाकडं बघत बसायच्या. एकदा मी म्हणालो, "मॅडम, हे कॅनॉलचं पाणी मोकळं सोडल्यासारखं झालंय. एका दिवसात रान तुंबतं आणि पुढं पिकाला घोट नाही."

"मग तुमच्याकडे काय करतात?"

"ठिबक."

"मीही तेच करायला बघतेय," त्या हसून म्हणाल्या आणि अर्क बारीक मण्यांत गुंडाळायची आपली कल्पना मला ठिबकच्या भाषेत समजावून सांगू लागल्या. ते मणी आम्ही तंतूत मिसळले. औषध थेंबाथेंबानं सुटू लागलं. तेव्हापासून 'आमचं हाड ठिबकवर आहे' असं मी सांगतो आणि एरवी दहा प्रश्न विचारणारा इंदापूरचा माणूससुद्धा पुढचा प्रश्न न विचारता मान डोलावतो.

सगळंच हसण्यासारखं नाही. कोऱ्हाळे बुद्रुकचा माझा एक वर्गमित्र मोटरसायकलवरून पडला आणि नडगीतलं बोटभर हाड गमावून बसला. कुबड्या घेऊन तो प्रयोगशाळेत आला आणि काचेच्या पेटीतल्या जाळीकडं बराच वेळ बघत राहिला. मी त्याला सांगितलं, सशांवर झालंय, माणसावर परवानगी नाही, व्हायला काही वर्षं जातील.

"मंग मला ससा समज की," तो म्हणाला.

मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि जरा उशिरा परत आलो. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्याच कमरेचं हाड काढून पायात बसवलं. आता तो चालतो, थोडा लंगडत. भेटला की विचारतो, "झाला का रं तुमचा माणूस?" मी म्हणतो, "अजून न्हाय." तुम्ही बरोबर केलंत, असं मॅडम म्हणतात. बरोबरच केलं. पण त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आता सुभेदाराकडं येतो.

सुभेदार म्हणजे माझ्या सणसरच्या आत्याचा एडका. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. आजोबांच्या काळात आमचा कळप दिवाळी झाली की कोकणाच्या अंगाला उतरायचा. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि आम्ही कारखान्याचे सभासद झालो. आत्याच्या दावणीला मात्र त्या कळपाच्या वंशातला हा एक एडका आणि दोन मेंढ्या राहिल्या. एडका काळाभोर, शिंगं वळलेली, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. आत्या आता एकटीच. मुलगा नामदेव, त्याची बायको आणि पोरं त्याच अंगणात राहतात खरी, पण आत्याचं खरं गणगोत दावणीला बांधलेलं.

गाळप हंगामात नामानं उसाची भरलेली ट्रॉली अंगणात मागं घेतली. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं लावलेलं, त्यामुळं एडक्याच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज त्याला ऐकू आला नाही. सुभेदाराचा पुढचा डावा पाय चाकाखाली आला आणि गुडघ्याखालच्या हाडाचा मधला तुकडा चुरा झाला. आत्यानं जुन्या रीतीनं बांबूच्या कामट्या लावल्या, कांडवेल ठेचून बांधली, वरून लोकरीची दोरी आवळली. साध्या मोडीला या उपायानं तिनं कित्येक पाय जुळवले होते. पण इथं जुळवायला मधलं हाडच नव्हतं. पाय हातात झुलत होता.

तेव्हा घाबरलेला नामा नको ते बोलून गेला. "आये, हाल बघवंना. खाटकाला फोन लावू का?"

आत्या उठली. सुभेदाराच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हा चार पायांवर उभा राहीस्तोवर मी तुझ्याशी बोलणार न्हाय."

तिनं शब्द पाळला. पण एका घरात राहायचं म्हणजे बोलल्याशिवाय निभत नाही. मी गेलो त्या दिवशी पाहिलं, आत्या चुलीपाशी, नामा दारात आणि मधे गोणपाटावर सुभेदार.

"सुभेदारा, इचार त्येला, जेवणार हाय का तसाच कारखान्यावर जाणार हाय."

"सुभेदारा, सांग आईला, भाकरी बांधून दे म्हणावं."

"सांग त्येला, कालवण संपलंय. चटणीसंगं खा म्हणावं."

सुभेदार एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं. मला हसू आवरेना. नामाला मात्र हसू येत नव्हतं. चाळिशी ओलांडलेला तो गडी मला बांधावर घेऊन गेला आणि डोळे पुसत म्हणाला, "दादा, तुमी ते हाड छापता ना? ह्येचं छापा की. एडका गेला तर आई मला जलमभर तोंड दाखवणार न्हाय."

माणसासाठी परवानगी नव्हती. पण जखमी जनावरांवर, मालकाच्या संमतीनं, सरकारी नियमात बसेल तसं हे करायला प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीनं मॅडमना नुकतीच मंजुरी दिली होती. पहिला रुग्ण तेवढा यायचा होता. तो माझ्या आत्याचा निघेल हे समितीच्या ध्यानीमनी नव्हतं. मॅडमनी शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यक डॉक्टरांना फोन लावला. ते कमी बोलणारे गृहस्थ. एक्स-रे बघून म्हणाले, "जमेल कदाचित. नाही जमलं तर पाय वाचणार नाही, आणि एवढ्या वजनाचा एडका तीन पायांवर जगत नाही. हे आजींना आधी सांगा."

मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मालक म्हणून अंगठा कुणाचा पायजे?"

"तुझा, आत्या."

"मालक सुभेदार हाय. पर आण, लावते."

मग छपाई. सुभेदाराच्या फटीचं माप घेऊन जाळी निघत होती, अर्धी झाली आणि वीज गेली. बॅटरीनं संगणक चालू ठेवला, पण तापवायची नळी गार पडली. गार थरावर नवा थर चिकटत नाही. दिसायला जाळी छान दिसते आणि बोटानं दाबली की पापुद्रे सुटतात. तुकडा टाकून दिला. दुसऱ्या वेळी भुकटीची गुठळी सुईत अडकली. काचेपलीकडं नामा दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून बघत उभा.

"दादा, ह्ये तर शेवयाचं यंत्र हाय!"

"गप बस."

"न्हाय, आमच्याकडं अडकलं की तेलाचा हात..."

"नामा, तुला ट्रॅक्टर न्हाय का?"

तिसऱ्यांदा जाळी अखंड उतरली. हळदीमुळं पिवळसर, अंगठ्याएवढी, आरपार उजेड दिसणारी. उकळून निर्जंतुक करायची सोय नाही, कारण वितळते. म्हणून वायूनं शुद्ध करून ती पाकिटात बंद केली. शस्त्रक्रियेच्या दिवशी आत्यानं ते पाकीट हातात मागून घेतलं.

"एवढुशी? ह्येच्यावर माझा सुभेदार उभा राहणार व्हय?"

"न्हाय आत्या. उभा राहणार धातूच्या पट्टीवर. डॉक्टर ती स्क्रूनं बसवणार. ही जाळी हाडाला फकस्त वाट दाखवणार."

"अन् कांडवेल?"

"हाय की हिच्यात."

"मला तर दिसंना." तिनं पाकीट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, मग कपाळाला लावून परत दिलं. "असू दे. देव तरी कुठं दिसतोय."

शस्त्रक्रिया नीट झाली. काही दिवसांनी सुभेदार घरी आला, पायाला जाड पट्ट्या बांधून. डॉक्टरांनी अरुंद कुंपणात ठेवा, हलू देऊ नका, असं बजावलं होतं. ते सगळं पाळलं. पण आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी मोकळ्या हातानं येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही आली नाही, आणि मी तर याच मातीतला.

छापलेलं हाड घातलेला एडका बघायला सणसरच काय, आजूबाजूची गावं लोटली. कुणी मका आणला, कुणी शेंगपेंड, कुणी गुळाचा खडा. बाया घरून पुरणपोळ्या बांधून आणायच्या. कुंपणात हलायचं नाही, त्यामुळं दिवसभर खाणं एवढाच उद्योग. सुभेदार अंगानं भरत गेला आणि आत्याला वाटलं, गुण येतोय. पुढच्या एक्स-रेच्या वेळी त्याला गाडीत चढवायला चार माणसं लागली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. आतली धातूची पट्टी किंचित वाकली होती आणि एक स्क्रू सैल झाला होता.

"तुमचं हाड बरोबर वाढतंय," ते मला म्हणाले. "एडका चुकीचा वाढलाय. काय घालता याला?"

आत्या एकेक पदार्थ सांगू लागली. पुरणपोळीला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"पुरणपोळी?"

"नुसती न्हाय, तुपासंगं."

"अहो आजी, का?"

"का म्हंजी? माणूस आजाऱ्याच्या भेटीला हात हालवत येतंय व्हय? रीत हाय का आमच्यात?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. गेल्या भेटीत मीही ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे नेले होते.

"ऐका," डॉक्टर म्हणाले. "फटीत नवं हाड धरायला लागलंय, पण ते अजून कोवळं आहे. भार पट्टीवर आहे. वजन उतरलं तर पट्टी तग धरेल. नाही उतरलं आणि ती मोडली, तर पुन्हा उघडून काही करता येणार नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. सुभेदाराशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नामानं कुंपणाशेजारी खाट टाकली. गाळप संपलं होतं. रानातली कामं त्यानं भावकीवर सोपवली आणि तो तिथंच मुक्कामाला राहिला. दारावर पुठ्ठा टांगला: 'पाहुण्यांनी हात हलवतच यावे.' लोक बिथरले. एक म्हातारे पाहुणे पेंडीची पिशवी तशीच उचलून परत निघाले आणि जाताना बोललेच, "आधी पाय मोडला, आता पोट मारतोय."

आत्याचं मतही त्याहून फार वेगळं नव्हतं. "बघ बाबा सुभेदारा, उपाशी ठिवलाय तुला. ध्यानात ठिव कुणी ठिवलं ते."

एक दिवस तिनं पदराखालून भाकरीचा तुकडा कुंपणात सरकवला. नामा खाटेवर पडून होता, जागा होता. तो उठला नाही. नुसता म्हणाला, "सुभेदारा, आई आली की खुशाल खा. पट्टी मोडली तर माझ्यावर ढकलू. मला काय, मी दोषी हायच."

मी त्या वेळी तिथं बसलो होतो. आत्यानं वाकून तो तुकडा परत घेतला आणि कोंबड्यांना टाकला. त्यानंतर मोजून वाळला चारा, मोजून हिरवा. उन्हाळा असा गेला. सुभेदाराच्या बरगड्या पुन्हा दिसू लागल्या आणि नामाच्याही.

नंतरच्या एक्स-रेला मॅडम स्वतः आल्या. फटीच्या जागी धुकं दाटावं तसा पांढरा पूल दिसत होता. जाळीची घरं भरली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण दवाखाना होता, म्हणून मी खोकलो. मॅडमनी लगेच बजावलं, "एका एडक्यावरून काही सिद्ध होत नाही. कांडवेलीनं किती केलं, पट्टीनं किती, विश्रांतीनं किती, आपल्याला माहीत नाही. अजून बरीच जनावरं बघावी लागतील." हे म्हणताना त्यांनी त्या फिल्मचा फोटो मोबाईलमध्ये तीनदा काढला. कोऱ्हाळ्याच्या मित्राला मी तो संध्याकाळी पाठवला. त्याचं उत्तर आलं, "सशाचा एडका झाला. चाललंय बरं का."

मग पट्ट्या सोडायचा दिवस आला. डॉक्टर सणसरला घरी आले. शेवटचं बांधलेलं काढलं आणि कुंपणाचं दार उघडलं. आत्या तुळशीपाशी ताक घुसळत होती, म्हणजे रवी हातात होती, फिरत नव्हती. सुभेदार बाहेर आला. डावा पाय आधी नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग त्यावर भार दिला. चार पायांवर उभा राहून त्यानं अंगण एकदा नजरेखालून घातलं.

शब्द पूर्ण झाला होता, पण इतके महिने बंद असलेलं तोंड उघडायचं कसं, हे आत्याला सुचेना आणि आपणहून बोलायचा धीर नामाला होईना. तो उगाच वाकून पाण्याची बादली सरळ करू लागला.

सुभेदार चार पावलं मागं सरकला.

"डॉक्टर, मागं जातोय! पाय दुखतोय वाटतं," मी काळजीनं म्हणालो. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घराण्यातला मी, हे मीच म्हणालो. एडका मागं का सरकतो ते कळेपर्यंत तो माझ्या समोरून भन्नाट गेला, चारही पायांवर, डाव्यावर किंचितही न अडखळता, आणि नामाच्या वाकलेल्या पाठीमागं त्याचं डोकं असं बसलं की बादली एकीकडं, नामा दुसरीकडं, अंगणाकडेच्या उसाच्या पाटातल्या चिखलात पालथा.

आत्याच्या हातातली रवी खाली पडली.

"नामा! लागलं का रं?"

नामा चिखलात उठून बसला. तोंड काळं, कानात पाणी. सवयीनं त्यानं मान वळवली आणि म्हणाला, "सुभेदारा, सांग आईला, न्हाय लागलं म्हणावं."

"त्येला काय सांगतोस?" आत्या पाटात उतरत म्हणाली. "हिकडं बघ. माझ्याकडं."